मदत हवी आहे: पाण्यावरचं सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) आणि बोट, वाट कुणी द्यायची?

नमस्कार मंडळी. सेकंड मेटच्या (जहाजावरच्या अधिकारीपदाच्या) ओरल्सची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी करतेय. घर वर्सोव्याचं, बाबांची डोलीची, म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याची, बोट आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेपुरता नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीला सीप्लेनची चाचणी झाली होती. उद्या अशी सेवा खरंच सुरू झाली तर आपल्या बोटींनी काय धरून चालायचं?

१९७२ च्या कोलरेगमध्ये (समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये) नियम ३ सीप्लेनला जहाजच मानतो, हे कळलं. अडलंय नियम १८ च्या पोटनियम ई पाशी. पाण्यावरच्या सीप्लेनने सर्वसाधारणपणे सगळ्या जहाजांपासून चांगलं लांब राहायचं, आणि टकरीचा धोका असेल तर याच भागातले नियम पाळायचे. आता समजा मी लाँचवर आहे. उजवीकडून सीप्लेन टॅक्सी करत (पाण्यावरून सरकत) येतंय, बेअरिंग (ते दिसतं ती दिशा) हलत नाही, म्हणजे टकरीचा धोका आहे. नियम १५ (आडवे येणाऱ्या जहाजांचा) लावला तर गिव्ह-वे, म्हणजे वाट देणारी, मी! मग पहिल्या वाक्याला अर्थ काय उरला? क्लासमध्ये यावरून दोन तट पडलेत.

शिवाय बाबांची बोट डोलीवर उभी असेल तर? आणि उतरणारं विमान नेमकं कुठल्या क्षणी जहाज होतं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
पहिलं वाक्य धोका उभा राहण्याआधीचं आहे. तशी वेळच येऊ न देणं हे सीप्लेनचं काम. तरीही वेळ आलीच, तर ते तुमच्यासारखंच इंजिनावर चालणारं जहाज. उजवीकडून येत असेल तर वाट तुम्हीच द्यायची. फक्त त्याला ब्रेक नसतो, इंजिन चालू झालं की ते सरकायला लागतं आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे त्याचं नाक वळतं. म्हणून अंतर भरपूर ठेवा आणि वळण लवकर, ठळक घ्या. ओरलला हे कारणासकट सांगा.

बाबांच्या बोटीचं वेगळं. जाळं पाण्यात असताना ती मासेमारीत गुंतलेली बोट, त्यामुळे नियम १८ ए प्रमाणे सीप्लेनने बाजूला व्हायचं. मात्र टोकाला टोक लावलेले दोन शंकू वर दिसले पाहिजेत. आपल्याकडे बऱ्याच बोटींवर ते नसतात, ते लावायला सांगाच. मासळी घेऊन परत निघालेली बोट या सवलतीत बसत नाही.

कोलरेग पाण्यावर लागू. पण उतरताना आणि उडतानाही जहाजांपासून शक्य तितकं लांब राहायचं, हे विमानांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. तेव्हा तो क्षण कुठलाही धरा, वैमानिकाची जबाबदारी सुटत नाही.