जुनी पेन्शन परत आणायची, तर बोजा कोणाच्या माथी?

रामबागकर: वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ‘मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ नंतर लागलेल्यांनाही जुनी पेन्शन द्या, देश तरुण आहे, पैशाची चिंता कशाला?’ वाचून राहवलं नाही. आज लागलेला पंचवीस वर्षांचा मुलगा बासष्टीला निवृत्त होईल तो २०६० च्या पुढे. तेव्हा देश तरुण असेल का? जपानने २००४ मध्येच ठरवलं: पेन्शनचा हप्ता २०१७ पर्यंत पगाराच्या १८.३ टक्क्यांवर नेऊन तिथेच थांबवायचा आणि कमावणारे घटले की पेन्शनची वाढ आपोआप आवळायची. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम देणाऱ्या जुन्या पेन्शनला तर कर्मचाऱ्याचा हप्ताच नाही!

सुदामानगर: काका, जपान राहू द्या. एनपीएसमध्ये, म्हणजे जुनीच्या जागी आलेल्या हप्त्यांवरच्या पेन्शन योजनेत, निवृत्तीला किमान ४० टक्के रकमेची अ‍ॅन्युइटी घ्यावी लागते, म्हणजे ती रक्कम विमा कंपनीला देऊन दरमहा पेन्शन घ्यायची. ती सहसा पहिल्या दिवशी ठरते तेवढीच राहते, महागाई भत्ता नाही. म्हणूनच केंद्राला एप्रिल २०२५ पासून यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) आणावी लागली: २५ वर्षं सेवा, शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १८.५.

पीथमपूर: तुम्ही दोघं सरकारी नोकरांचंच बोला! कारखान्यातल्या माणसाच्या ईपीएसचा, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचा, हिशेब करा. सप्टेंबर २०१४ आधीची दहा वर्षं ६,५०० च्या पगारमर्यादेवर, नंतरची दहा १५,००० वर, आणि सूत्राप्रमाणे भागिले ७०. झाले ३,०७१. वीस वर्षं सेवेबद्दल मिळणारी दोन जादा वर्षं धरूनही साडेतीन हजारांच्या वर जात नाही. त्यालाही महागाईची जोड नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच!

रामबागकर: विषय राज्य कर्मचाऱ्यांचा आहे.

पीथमपूर: म्हाताऱ्यांचा आहे, काका! त्यांत कामगार येत नाहीत?

सुदामानगर: यात कामगारांचंही चुकतं. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली की फॉर्म दहा-सी भरून पेन्शनचे पैसे काढतात आणि ती सेवा पुसली जाते. त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागा, सेवा पुढे जोडली जाते.

पीथमपूर: घरभाडं थकलेल्या माणसाला हे सांगून बघा. दोष त्याच्यावर ढकलू नका.

रामबागकर: बरं, ईपीएसला महागाईची जोड हवी, एवढं मान्य. पण १५,००० ची मर्यादा धरून महिना १,२५० भरून ती मिळणार नाही. मर्यादा वाढवावीच लागेल.

पीथमपूर: वाढवा, पण पैसा कुठून जातो तेही सांगा. मालकाच्या १२ टक्क्यांतलेच ८.३३ पेन्शनकडे वळतात. पूर्ण २५,००० पगारावर पीएफ भरला जात असेल आणि मर्यादा तेवढी केली, तर पेन्शनला २,०८३ जातील आणि पीएफमध्ये महिना ८३३ कमी पडतील. मालकाचा वाटा १२ च्या वर न्यायला तयार आहात का?

रामबागकर: एक टक्का, टप्प्याटप्प्याने. त्याहून जास्त नाही.