मदत हवी आहे: १९७१ ची ट्रायम्फ टीआर६ परदेशी गिऱ्हाइकाला विकायची आहे

कॉव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी उजव्या स्टिअरिंगची टीआर६, म्हणजे ट्रायम्फ कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडमध्ये आमच्या घरापासून चार मैलांवर कॉव्हेंट्रीतल्याच कॅनलीच्या कारखान्यात बनलेली. २०१४ मध्ये घेतली तेव्हा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) ज्या पिनांना लटकतो त्यांच्या मुळाशीच चॅसी तडकली होती. टीआरवाल्यांना हे दुखणं माहीत असेल. मागचा पत्रा अंगठ्याने दाबला की पापडासारखा मोडायचा. नऊ वर्षं शनिवार-रविवार तिच्यात गेले. वेल्डिंग कोल्हापूरला उद्यमनगरात मामाच्या शेडमध्ये शिकलो होतो, ते असं उतारवयात कामी आलं.

घेतली तेव्हा गाडी लालभडक होती. ग्लोव्हबॉक्स काढला तर आत तळहाताएवढा मूळ रंग शाबूत निघाला, पिकल्या करवंदासारखा. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट (कारखान्याच्या नोंदींवरून दिलेला गाडीचा मूळ तपशील) मागवलं, त्यातही 'डॅमसन', म्हणजे हाच गडद जांभळट रंग. मग तोच रंग दिला. कमिशन नंबर (कारखान्याने दिलेला गाडीचा क्रमांक) सीपीने सुरू होतो, म्हणजे दीडशे हॉर्सपॉवरवाली, पेट्रोल इंजेक्शनची गाडी. अमेरिकेत गेलेल्या टीआर६ कमी ताकदीच्या, कार्ब्युरेटरच्या, त्यामुळे बाहेरून हिला विचारणा आहे. आता गुडघे खाली बसू देत नाहीत आणि घरच्यांना गॅरेज मोकळं हवंय. मागणी २४ हजार पौंड.

दोन गिऱ्हाइकं आहेत. एक कोलोनचा. रोज एक मेल, रोज नवीन फोटोची फर्माईश, आणि भाव दोन हजारांनी पाडून मागतोय. दुसरा टेक्सासचा. गाडी न बघता पूर्ण किंमत द्यायला तयार. तीन हजार जास्तीचा बँक ड्राफ्ट पाठवतो म्हणतो, वरचे पैसे मी त्याच्या शिपिंग एजंटला द्यायचे. मला तरी हा सोयीचा वाटतोय. पैसे कसे घ्यावेत? लॉगबुकचं (गाडीच्या नोंदणीपुस्तकाचं) काय करायचं?

आणि एक अडचण. मूळ लुकास कंपनीचा, इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप बूटमध्ये (डिकीत) असतो. तो वायपरच्या मोटरवरून बेतलेला, उन्हाळ्यात तापला की गाडी रस्त्यातच रुसते. मी तो काढून बॉशचा बसवलाय. जर्मन म्हणतो, गाडी 'मूळ स्थितीत' नसेल तर त्याला कर जास्त पडेल. विकण्याआधी जुना पंप परत बसवू का?

कंटेनरकाका

टेक्सासवाल्याला आजच रामराम करा. हा फसवणुकीचा जुना धंदा आहे. ड्राफ्ट खात्यात जमा झालेला दिसतो, तुम्ही खुशीत 'एजंट'ला तीन हजार पाठवता, आणि काही दिवसांनी बँक सांगते ड्राफ्ट बनावट. एजंट आणि गिऱ्हाईक एकच असतात. जास्त पैसे देऊन परत मागणारा माणूस मी तरी अजून खरा पाहिलेला नाही.

पैसे थेट बँकेतून बँकेत. आपल्या शाखेत फोन करून रक्कम पक्की जमा झाल्याचं विचारा, मगच किल्ली.

स्टुटगार्टची सून

जर्मन माणूस छळत नाहीये, त्याचा हिशेब खरा आहे. ब्रेक्झिटनंतर तुमची गाडी इथे आयात ठरते. कस्टम्सने 'संग्राह्य वाहन' म्हणून मानली तर ड्युटी (आयात शुल्क) शून्य आणि आयात व्हॅट फक्त ७ टक्के. नाही मानली तर १० टक्क्यांपर्यंत ड्युटी आणि त्यावर १९ टक्के व्हॅट. तुमच्या २४ हजारांवर एकीकडे १,६८० पौंड, दुसरीकडे ७,४१६. वाहतूक धरलेली नाही. दोन हजार पाडून का मागतोय ते कळलं ना?

अट अशी: गाडी किमान ३० वर्षांची, मॉडेल बंद झालेलं, आणि चॅसी, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग यांत मोठा फेरफार नको. दुरुस्ती चालते, झिजलेले भाग बदललेले चालतात. आधुनिकीकरण चालत नाही. निकाल शेवटी कस्टम्सच्या टेबलावर लागतो. माझ्या मते पंपाने आभाळ कोसळत नाही, पण पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स टाकला असेल तर आत्ताच सांगा.

हेरिटेज सर्टिफिकेटची प्रत आणि ग्लोव्हबॉक्समागच्या रंगाचा फोटो त्याला द्याच.

ग्रीसचे हात

मी असतो तर लुकासचा पंप बसवूनच दिली असती. मूळ म्हणजे मूळ.

कंटेनरकाका

आणि ती डोव्हर बंदराच्या रांगेत बंद पडली की नाव कॉव्हेंट्रीकरांचं! पंप खोक्यात घालून गाडीबरोबर द्या, पण यादीत लिहून. बूटमध्ये गुपचूप सुटे भाग कोंबू नका, कस्टम्सला उत्तर देता देता नाकी नऊ येतात.

लॉगबुकमधला कायमच्या निर्यातीचा भाग भरून डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाला) पाठवायचा. उरलेलं मूळ पुस्तक गिऱ्हाइकाला लागतं, तिकडे नोंदणीसाठी. देण्याआधी प्रत काढून ठेवा. निर्यातीचं डिक्लरेशन कोण करणार ते बिलावर आधीच लिहून घ्या. कोलोनला बंद ट्रेलर बरा, जहाजाची भानगड नको.

कॉव्हेंट्रीकर

सर्वांचे आभार. गिअरबॉक्स मूळचाच आहे, सूनबाई. ग्रीसच्या हातांच्या आग्रहाखातर परवा जुना पंप बसवून पाहिला. चाळीस मिनिटांत पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागला. काढला. खोक्यात गेला.

टेक्सासवाल्याला लिहिलं की येऊन गाडी बघा. उत्तरात त्याने पुन्हा माझं खात्यावरचं पूर्ण नाव विचारलं. दीड महिन्यात गाडीबद्दल एक प्रश्न नाही, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. त्याच दिवशी कोलोनहून मेल: ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला, त्याच वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर) दुसऱ्या गिअरलाही लागतो की फक्त तिसऱ्या-चौथ्याला? लागतो, दुसऱ्यालाही. तुमचा हिशेब वाचून एक हजार मी सोडले, एक त्याने.

शनिवारी सकाळी येतोय गाडी बघायला. घरात पोह्यांचा बेत ठरलाय. सूनबाई, मिरची किती घालू?