पाइनच्या कोऱ्या कपाटाला आधी स्टेन की आधी रंग?

जास्वंदी_२
मंडळी, ड्रॉवरवालं छोटं कपाट घेतलंय पाइनचं, अगदी कोरं, ना पॉलिश ना रंग. वरच्या फळीला गडद अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा पारदर्शक रंग) द्यायचाय म्हणजे लाकडाच्या रेषा दिसतील, बाकी सगळं पांढरं. गाठी भरपूर आहेत पण वरच्या फळीवर मला त्या आवडतात. आधी स्टेन करू की रंग? आणि पाइनवर स्टेन डागाळतो असं सगळीकडे वाचलं, ते टाळता येतं का? घरात लहान मूल आहे त्यामुळे कमी वासाचं काही असेल तर बरं. सगळं ब्रशनेच करणार आहे. एकदा स्टेन मुरला की निघत नाही म्हणतात म्हणून अजून हात लावायचा धीर होत नाहीये.

पटाशी
आधी स्टेन. स्टेनचा ओघळ बाजूच्या कोऱ्या लाकडावर गेला तरी तो नंतर प्रायमरखाली झाकला जातो, पण पांढऱ्या रंगाचा थेंब कोऱ्या फळीवर पडला की तो छिद्रांत बसतो आणि तेवढी जागा मग स्टेन पीतच नाही. फळीला स्टेन द्या, नीट वाळू द्या, क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक फिनिशचा, एक हात मारा आणि मग मास्किंग टेप लावून रंगाला लागा. टेप मात्र रंग थोडा ओला असतानाच काढायची, पूर्ण वाळला की कडेचा रंग सोबत उचलून येतो.

आता डागांचं. पाइनमध्ये एकाच फळीत मऊ आणि टणक पट्टे शेजारी शेजारी असतात, मऊ पट्टा भराभर पितो आणि टणक जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे कोऱ्या लाकडात जे फिकट दिसतं तेच स्टेननंतर गडद होतं, फोटोच्या निगेटिव्हसारखं. जेवढा स्टेन गडद तेवढं हे जास्त दिसतं. उपाय दोन आहेत, एकतर आधी प्री-स्टेन कंडिशनर (लाकडाचं पिणं एकसारखं करणारं द्रव्य) लावा किंवा मेण काढलेला चपडा (लाख) स्पिरिटमध्ये खूप पातळ करून एक हात द्या, नाहीतर सरळ जेल स्टेन घ्या, तो घट्ट असल्यामुळे आत कमी मुरतो. अक्रोडी रंगासाठी मी जेलच घेईन.

आणि काहीही घ्या, आधी फळीच्या खालच्या बाजूला लावून बघा. डब्यावरचा रंग तुमच्या लाकडावर तसाच येईल असं अजिबात नाही.

रेघोट्या
पटाशी दादांना +१, पण माझ्या मते खरा खेळ घासण्यात आहे. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५०, मग १८०, आणि थांबायचं. अजून गुळगुळीत करावं असं वाटतं पण फार बारीक पेपर मारला तर स्टेन धरायला जागाच उरत नाही आणि रंग फिका येतो. फक्त फळीची दोन्ही टोकं, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, ती २२० पर्यंत घासा कारण ती जास्त पितात आणि काळी पडतात. शेवटचा हात रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे आता दिसत नाहीत, स्टेन दिला की एकेक उठून दिसतो आणि मग परत सगळं घासणं आलं.

सांध्यांपाशी गोंद सांडलाय का तेही बघा ताई, त्यावर स्टेन बसत नाही. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की गोंदाचे ठिपके वेगळे दिसतात. खरवडून काढा.

जास्वंदी_२
बाप रे, किती कामाचं सांगितलंत दोघांनी! वासामुळे पाण्याचा स्टेन घेऊ म्हणतेय, त्याला काही वेगळं करावं लागतं का? आणि पांढऱ्या भागातल्या गाठींचं काय? त्या रंगाखाली झाकल्या जातील ना?

रेघोट्या
पाण्याच्या स्टेनने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून आधीच ओल्या फडक्याने फळी पुसा, वाळू द्या, उभी राहिलेली कूस २२० ने हलकेच काढा, मग स्टेन. तो लवकर वाळतो म्हणून मधे थांबायचं नाही, पूर्ण फळी एका दमात लावून जास्तीचा लगेच रेषांच्या दिशेने पुसून घ्यायचा. फडकं हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

पटाशी
गाठी नुसत्या रंगाने झाकल्या जात नाहीत. पाइनच्या गाठीत राळ असते, ती साध्या पाण्याच्या प्रायमरमधून काही महिन्यांनी पिवळी होऊन वर येते, वरून कितीही हात मारा. गाठींवर चपड्याचा प्रायमरच लागतो. त्याला स्पिरिटचा उग्र वास असतो पण तो लवकर उडून जातो, त्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा आणि बाळाला दुसऱ्या खोलीत. क्लिअर पाण्याच्या पीयूचं (पॉलियुरेथेनचं) घ्या, तेलाचं पीयू पिवळसर होत जातं, ते पांढऱ्याच्या आसपासही नको. पाण्याच्या फिनिशमध्ये मधल्या घासाईला स्टील वूल वापरू नका, तुकडे अडकून गंजतात आणि ठिपके पडतात.

करवतीचा_भुसा
एक राहिलं. शेवटी बेत बदलून तेलाचा स्टेन किंवा जवसाचं तेल घेतलंत तर पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर मोकळं पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घरात मूल आहे म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि रंग हाताला कोरडा लागला तरी आतून घट्ट व्हायला काही आठवडे जातात, तोवर वर जड वस्तू ठेवू नका आणि ड्रॉवर रात्री किंचित उघडेच राहू द्या, नाहीतर रंगाला रंग चिकटतो.