मुलाखतीत आपल्याला इंग्रजी नडतं की पाठांतर?

कृष्णाकाठचा_गडी
गेल्या महिन्यात पुण्याला आमच्या वर्गातल्या अकरा जणांच्या आयटीतल्या नोकरीसाठी मुलाखती झाल्या, तिघं लागले. उरलेल्यांचं एकच पालुपद, "लगा, इंग्लिश कच्चं हाय आपलं." मी त्या आठांतलाच. पण माझा त्रिफळा इंग्रजीनं उडाला नाही.

प्रश्न नेहमीचाच होता. डेटाबेसमधल्या कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. तोंडपाठ! पगार उतरत्या क्रमानं लावला, लिमिट 1, ऑफसेट 1 (म्हणजे वरची एक ओळ सोडून पुढची एक), लिहून मोकळा. समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यात जास्त पगार दोघांना सारखाच असेल तर?" झालं. दुसऱ्या ओळीतही तोच आकडा येणार, म्हणजे क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) चुकली. सारखे आकडे एकदाच धरणारा एक डिस्टिंक्ट घातला असता तरी भागलं असतं. ते सुचलं कधी, तर स्वारगेटला सांगलीच्या गाडीत बसल्यावर.

कॉलेजच्या प्रोजेक्टचीही तीच गत. पैसे मोजून आणायचा, नाव आपलं टाकायचं, आणि "यात तू काय केलंस?" म्हटलं की घाम फुटतो. इंग्रजीच्या पदराआड किती दिवस लपायचं?

मिरज_जंक्शन
तुझ्यापर्यंत क्वेरी पोचली तरी. मी जतकडच्या खेड्यातला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. महालक्ष्मीनं मध्यरात्रीनंतर पुण्यात उतरलो, उजाडेपर्यंत स्टेशनवर बसून काढलं. ॲप्टिट्यूडची लेखी चाचणी निघाली. ग्रुप डिस्कशनला दहा जण, विषय वर्क फ्रॉम होम. अवघड काही नव्हतं, पण मनात वाक्य जुळवेपर्यंत बाकीचे दोन-दोन मुद्दे मांडून मोकळे. संध्याकाळच्या यादीत माझं नाव नाही. क्वेरी मला येत होती, डिस्टिंक्टसकट! विचारली कुणी?

हिंजवडीत_5_वर्षं
मीही सांगलीचाच. फ्रेशर्सच्या पॅनेलवर अधूनमधून बसवतात. व्याकरण कुणी मोजत बसत नाही. अडकल्यावर पोरगं खाली मान घालून गप्प होतं ना, तिथं गाडी रुतते. काय विचार करतोय ते मोडकंतोडकं तरी बोला. "सर, हिंदीत सांगू का?" असं विचारलेल्याला मी कधी अडवलेलं नाही.

मिरज_जंक्शन
दादा, तुम्ही नसेल अडवलं. दुसऱ्या एका ठिकाणी मी हेच विचारलं, तर "क्लायंटलाही हिंदीत सांगणार का?" असं ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर मला माझ्याच प्रोजेक्टचं नाव धड सांगता आलं नाही. आणि तो विकतचा नव्हता, ऊसतोडीच्या नोंदी ठेवणारं ॲप होतं, मी स्वतः केलेलं.

कुपवाडकर
3.36 लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला 28 हजार, तेही पीएफ कापायच्या आधी. त्यात पुण्यातली कॉट आणि मेस. एवढ्यासाठी काय भांडायलाय रे?

कृष्णाकाठचा_गडी
@कुपवाडकर, त्याचा वेगळा धागा काढ. आधी 28 हजार मिळू देत.

@मिरज_जंक्शन, तो टोमणा वाईटच, आणि तुझ्या ॲपला माझा नमस्कार. पण आठांतले सातजण तुझ्यासारखे नाहीत, माझ्यासारखे आहेत. आणि ग्रुप डिस्कशनचा विषय सोपा होता म्हणतोस, मग पहिलं वाक्य तरी ठोकून द्यायचंस की.

मिरज_जंक्शन
तयार होतं की. माझ्या शेजारच्यानं तेच आधी बोलून टाकलं.