मॅट रेम्पी: २०२५-२६ च्या हंगामाकडून काय अपेक्षा ठेवावी?

हडसनकाठ:
न्यूयॉर्क रेंजर्स या आइस हॉकी संघाचे सराव शिबिर तोंडावर आले आहे आणि आमच्या घरातला वाद पुन्हा एकाच खेळाडूवर येऊन थांबला आहे. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी मेटलाइफ स्टेडियममध्ये, उघड्या आकाशाखाली, या संघाचा मॅट रेम्पी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला पहिला सामना खेळला आणि पक (खेळाची रबरी चकती) बर्फावर पडल्याबरोबर आयलंडर्सच्या मॅट मार्टिनशी त्याची ठोसेबाजी सुरू झाली. माझा तेरा वर्षांचा मुलगा त्या दिवसापासून त्याचा भक्त आहे. त्या हंगामात १७ सामन्यांत एक गोल, एक साहाय्य आणि तब्बल ७१ मिनिटांची, म्हणजे खेळाबाहेर बसण्याची, शिक्षा अशी त्याची नोंद झाली. गेल्या हंगामात ४२ सामन्यांत ३ गोल आणि ५ साहाय्ये. आता त्याला वर्षाला सरासरी ९ लाख ७५ हजार डॉलरचा दोन वर्षांचा करार मिळाला आहे आणि प्रशिक्षकही नवे, माइक सलिव्हन, आले आहेत. मुलाच्या मते तो यंदा दहा गोल करील, तर मला वाटते की तो निम्मा हंगाम संघाबाहेर, प्रेक्षागृहात बसून काढील. चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी वेळ खेळणाऱ्या, फळीतल्या अशा तरुण, अंगावर जाऊन खेळणाऱ्या आघाडीपटूची प्रगती नेमकी कशावरून मोजावी, हे जाणकारांनी सांगावे.

बाकावरचा_बारावा:
गोल बाजूला ठेवा आणि मिनिटे पाहा. पहिल्या हंगामात तो सामन्याला सरासरी साडेपाच मिनिटांच्या आसपास खेळत होता. संघाकडे एका रात्री बारा आघाडीपटू असतात. त्यांतला एक जर इतका थोडा वेळ बर्फावर असेल, तर उरलेले ओझे वरच्या तीन फळ्यांवर पडते आणि तिसऱ्या सत्रात त्यांचे पाय जड होतात. मारामारीची शिक्षा दोघांनाही पाच-पाच मिनिटांची होत असल्यामुळे संघाची बर्फावरची संख्या कमी होत नाही हे खरे, पण तेवढा वेळ प्रशिक्षकाला अकरा जणांवर भागवावे लागते. म्हणून माझी कसोटी साधी आहे: तो नऊ-दहा मिनिटांपर्यंत पोहोचतो का, आणि एका गोलाची आघाडी टिकवायची असताना त्याला बर्फावर पाठवतात का?

या बाबतीत सलिव्हन यांचा पूर्वेतिहास लक्षात घ्यावा लागेल. २०१६ आणि २०१७ मध्ये पिट्सबर्गला स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकून देताना त्यांनी वेगावर भर दिला होता. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याच संघाने रायन रीव्ह्जसारखा नामांकित दांडगा खेळाडू घेतला. त्याला थोडीच मिनिटे मिळत राहिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे हंगाम संपण्याआधीच, त्याची रवानगी वेगासला झाली. सलिव्हन यांना धाक नको असतो असे नाही. पण ज्याच्या पायांत वेग नाही, त्याच्या धाकाला त्यांच्या हिशेबात फारशी किंमत नसते.

कोपरखळी:
(माझे टोपणनाव इथे फारच समर्पक आहे, याची मला कल्पना आहे.)

मिनिटांचा मुद्दा मान्य, पण आधी तो उपलब्ध तर हवा. मार्च २०२४ मध्ये न्यू जर्सीच्या योनास सीगेनथालरला कोपर मारल्याबद्दल त्याला चार सामन्यांचे निलंबन झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये डॅलसच्या मिरो हेइस्कानेनच्या बाबतीत आठ सामन्यांचे. पैशांचा हिशेब पाहिला की फरक कळतो. पहिल्या वेळी कापलेली रक्कम साधारण १७ हजार डॉलर होती, कारण पहिल्यांदा दोषी ठरलेल्याचे वेतन हंगामाच्या दिवसांनी भागतात. दुसऱ्या वेळी तो अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोषी ठरला असल्यामुळे तेच वेतन ८२ सामन्यांनी भागले गेले आणि ८० हजार डॉलर गेले. म्हणजे सामन्यामागे सव्वाचार हजारांवरून थेट दहा हजार. डिसेंबर २०२४ पासूनचे अठरा महिने जून २०२६ पर्यंत चालतात, त्यामुळे यंदाचा संपूर्ण नियमित हंगाम त्याला याच सावटाखाली खेळायचा आहे, आणि नव्या वेतनावर सामन्यामागची कपात जवळपास बारा हजार डॉलर होईल.

हेतूबद्दल मी बोलत नाही. पावणेसात फुटांच्या आसपास उंची असलेला माणूस नुसता ताठ उभा राहिला तरी त्याचे कोपर समोरच्याच्या हनुवटीशी येते. त्याला गुडघे वाकवून, हात अंगालगत ठेवून, एक पाऊल आधी पोहोचावे लागेल. उशीर झाला की तो हात पसरतो आणि तिथेच घात होतो. थोडक्यात, त्याची शिस्त आणि त्याचे स्केटिंग हे दोन वेगळे विषय नाहीत.

जुना_प्रेक्षक:
आपण सगळे जरा घाई करत आहोत. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनचा पहिला पूर्ण हंगाम आठवून पाहावा: २०१३-१४ मध्ये ८२ सामने, ३ गोल, १५१ मिनिटांची शिक्षा. २०१८ मध्ये वीस सामन्यांचे निलंबन झाले, पुढे ते चौदावर आले, आणि गेल्या हंगामात त्याच विल्सनने ३३ गोल केले. अर्थात विल्सन नवोदितांच्या वार्षिक निवडप्रक्रियेत सोळावा होता आणि रेम्पी २०२० मध्ये १६५ वा, त्यामुळे ही तुलना फार ताणता येणार नाही. कोलंबसच्या मॅथ्यू ऑलिव्हिएचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. त्याला तर कोणत्याच संघाने निवडले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने रेम्पीशी दोन हात केले आणि त्यापुढच्या हंगामात १८ गोल नोंदवले. मात्र तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. रेम्पी आत्ता तेवीस वर्षांचा आहे. चिरंजीवांचे दहा गोल अशक्य नाहीत, पण ते यंदाच मागणे ही तूर पेरल्याबरोबर डाळ मागण्यासारखी गोष्ट आहे.

माझा अंदाज विचाराल तर साठ सामने, पाच-सहा गोल, आणि एकही निलंबन नाही. यातले शेवटचे साधले, तर पहिले आपोआप साधेल.

हडसनकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. २०२४ च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) रेंजर्स सोळा सामने खेळले आणि रेम्पी त्यांपैकी अकराच, हे मला आठवत होते. पण त्यामागचा मिनिटांचा हिशेब आज नीट कळला. मुलाला वरचे सगळे वाचून दाखवले. त्याने दहावरून सातवर येण्याची तयारी दाखवली आहे, मात्र अट अशी घातली आहे की मी निम्म्या हंगामाची गोष्ट मागे घ्यावी. पहिल्या दहा सामन्यांतली मिनिटे वहीत लिहून ठेवायची आणि मग ठरवायचे, एवढ्यावर तूर्त तह झाला आहे.