‘व्हिजिबिलिटी रूल’ला काय म्हणाल? आणि अट की शर्त?

रावपुरेकरीण
इथल्या (बडोद्याच्या) एका पतसंस्थेच्या पोर्टलचं मराठी आणि गुजराती करतेय. मागे वेबस्फिअर पोर्टल हे सॉफ्टवेअर आहे. त्यात कुठलं पान किंवा पोर्टलेट (पानावरचा एक चौकोन) कोणाला दिसावं याचे नियम करता येतात. उदाहरणार्थ, लॉगिन केलेला सभासद कोणाला जामीन राहिला असेल तर ‘माझी जामीनकी’ हे पान दाखवायचं, एरवी लपवायचं. मी ‘दृश्यता नियम’ लिहून पाठवलं. सचिवांचा फोन, “ताई, हे धुक्याचं काय आहे?” तर या प्रकाराला नाव काय द्यावं? आणि ‘कंडिशन’ला अट म्हणू की शर्त? बटणात जेमतेम 10 अक्षरं मावतात.

लष्करवाला
सचिवांचं काय चुकलं? आमच्या ग्वाल्हेरला जानेवारीत सकाळी हा एकच शब्द कानावर पडतो. दृश्यता 50 मीटर, गाडी 6 तास लेट.

पेठकर
दृश्यता हिंदीतून आलाय, मराठीत दृश्यमानता. आणि शर्त नकोच, तो फारसी. अट आपला. जिथे काम अडतं ती अट.

सराफ्यातला
पेठकर, शर्त मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. शर्यत त्याचाच भाऊ. मग ससा-कासवाची अट लावायची का? आमच्या इंदूरला शर्त म्हणजे पैज. आजोबा पाऊस कधी येणार यावर चहाची शर्त लावायचे आणि हरायचे. सभासदाला ‘शर्त भरा’ असा आदेश दिसला तर तो पैसे काढेल.

पेठकर
म्हणूनच म्हणतो, नको. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?

सराफ्यातला
त्यानंतरही तुम्ही अर्ज करता, जमीन घेता, वकील लावता. आणि ज्या पानावरून हा वाद चाललाय त्यातला ‘जामीन’ कुठला? अरबीच. जामीन चालतो, शर्त चालत नाही, हा कुठला न्याय?

मामलेदारांचा नातू
बडोद्याचाच आहे, म्हणून बोलतो. शर्त इथे पैज नाही. ‘नवी शर्त’ची जमीन म्हटलं की गुजरातीही समजतो, मराठीही. 1948 च्या कूळकायद्यात कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नसे, ती नव्या शर्तीची. महाराष्ट्रातही हाच शब्द. आणि ‘अटी व शर्ती लागू’ तर सगळेच वाचतात, एकाच अर्थाचे दोन शब्द जोडीने. म्हणजे दोन्ही मराठीच. रावपुरेकरीणबाई, गुजरातीत तुम्हाला ‘शरत’च लिहावं लागेल, मग मराठीतही शर्त ठेवा की. दोन भाषा शेजारी दिसणार आहेत.

रावपुरेकरीण
माझ्याही मनात तेच होतं, पण कानाला अटच बरी लागते. अट घालतात, पाळतात, मोडतात. शर्त मोडल्याचं मी तरी घरात ऐकलं नाही.

जावा_चहा
शब्दाआधी गोष्ट समजून घ्या. पान लपवलं म्हणजे कुलूप लावलं असं होत नाही. पान बघायची परवानगी हा वेगळा भाग आणि तो आधी ठरतो. परवानगी असलेल्यातून कोणाला काय दाखवायचं, एवढंच हा नियम ठरवतो. दोन्हीला ‘नियम’ म्हटलंत तर एखादा कारकून पान लपवून निश्चिंत बसेल. शिवाय पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये लपवण्याचेही दोन प्रकार: एकात वस्तू दिसत नाही पण तिची जागा रिकामी राहते, दुसऱ्यात जागाही जाते. त्यांना तरी मराठीत दोन शब्द आहेत का?

मांडवीची मावशी
आहेत की. झाकणे आणि काढून ठेवणे.
आणि तुमच्या नियमाला ‘पडदा’ का नाही म्हणत? आमच्या शेजारी हवेली, म्हणजे वैष्णवांचं कृष्णमंदिर आहे. मंगला, शृंगार, राजभोग असं करत दिवसातून आठ वेळा दर्शन, मधे पडदा. देव तिथेच असतो, दार ढकलून आत गेलं म्हणून दिसत नाही, वेळ झाली की दिसतो. शेजारीण जिन्यातून ओरडते, “दर्शन खूल्यां!” आणि आम्ही दूध गॅसवर ठेवून पळतो. आम्हीही ‘दर्शन उघडलं’ असंच म्हणतो. पुण्याच्या सूनबाईला ते अजून खटकतं, दर्शन होतं म्हणे, उघडत नाही.

पेठकर
सूनबाईंचं बरोबर आहे.

मांडवीची मावशी
असू दे. उघडतं ते उघडतंच.

लष्करवाला
‘दर्शन नियम’ लिहा, 10 अक्षरांत बसतो. फक्त सभासद चपला काढून लॉगिन करतील.

रावपुरेकरीण
😄 पडदा आवडला, पण सचिवांना नाटक आठवेल. आता खरी कटकट ऐका. नियमाचं वाक्य तुकड्यांत येतं: आधी ‘दाखवा’, मग ‘जेव्हा’, मग रिकाम्या जागा. तुकडे मला हलवता येत नाहीत. ‘दाखवा जेव्हा सभासद आहे जामीनदार’ हे वाचून मलाच शिसारी येते. ‘जामीनदार असल्यास दाखवा’ म्हटलं की संपलं, पण क्रियापद शेवटी गेलं. आणि शेवटच्या तुकड्याला काय लिहू? अन्यथा, नाहीतर की एरवी?

सराफ्यातला
नाहीतर. सोपा आहे.

मामलेदारांचा नातू
‘नाहीतर लपवा’ ही धमकी झाली. बापाने पोराला म्हणावं तशी.

पेठकर
अन्यथा.

मामलेदारांचा नातू
ती नोटीस. ‘अन्यथा कारवाई करण्यात येईल.’ एरवी ठेवा. त्यात रोजचं काय चालतं ते येतं, राग नाही. सयाजीरावांच्या काळात 1931 मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा कारभाराचा शब्दकोश काढला तेव्हा आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले होते. गुजरातीत, हिंदीत काय म्हणतात ते आधी बघायचं आणि मग ठरवायचं. आपण उलटं करतो, आधी भांडतो.

पेठकर
एरवी बोलीतला. पतसंस्थेच्या कागदात शोभत नाही.

मांडवीची मावशी
पतसंस्थेत येणारे सभासद काय कागदी बोलतात?

जावा_चहा
मूळ प्रश्न नाव काय हा होता.

सराफ्यातला
थांबा, शर्तीवरून आठवलं. गुजरातीत नजरचुकीला ‘शरतचूक’ म्हणतात ना? त्यातला शरत कुठला? पैजेचा की अटीचा?

मामलेदारांचा नातू
दोन्हींचा नाही. तो लक्ष या अर्थाचा शरत. माझा अंदाज, ‘सुरत लागणे’मधल्या सुरतेचा भाऊ.

पेठकर
सुरत स्मृतीवरून. म्हणजे संस्कृतच.

सराफ्यातला
आलं. मी वाटच बघत होतो.

रावपुरेकरीण
उद्या सकाळी फाईल द्यायची आहे हो.