803 ते 1275 सीसी: ऑस्टिनचे ए-सीरीज इंजिन वाढले कसे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड होती आणि तिच्या कागदपत्रांत इंजिनाची क्षमता 948 सीसी अशी नोंदलेली आहे. 1956 च्या मॉरिस मायनर 1000 मधले ए-सीरीज इंजिनही 948 सीसीचेच होते, असे वाचले. ही दोन्ही इंजिने एकच होती का? शिवाय 1951 साली ऑस्टिन ए30 मध्ये 803 सीसीचे असलेले ए-सीरीज पुढे 1275 सीसीपर्यंत नेताना एवढी जागा कुठून काढली, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

प्रतिसाद 1

हेरल्डचे इंजिन ए-सीरीज नव्हे. ते कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड कंपनीचे स्वतःचे होते आणि योगायोगाने तेही 803 सीसीवरूनच 948 वर आले होते. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनच्या एका धावेची लांबी) यांची मापेही जवळपास तीच असल्यामुळे ही गल्लत सहज होते. ए-सीरीजचा जवळचा नातलग आपल्याकडे अँबॅसेडरमध्ये होता: तिचे 1489 सीसीचे इंजिन म्हणजे बीएमसीचे (ऑस्टिन आणि मॉरिस ज्यात एकत्र आल्या त्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) बी-सीरीज.

प्रतिसाद 2

मूळ 803 सीसी इंजिनाचा बोअर जेमतेम 58 मिलिमीटर होता. 1956 साली स्ट्रोक 76.2 वरच ठेवून बोअर 62.9 केला गेला. त्यासाठी पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा सिलिंडर एकमेकांना जोडून ओतावे लागले, म्हणजे त्या जोड्यांमधली पाण्याची वाट बंद झाली. 1959 च्या मिनीसाठी उलट स्ट्रोक कमी करून 848 सीसी केले, कारण 948 सीसीच्या इंजिनाने चाचणीतल्या गाड्या गरजेपेक्षा वेगवान ठरल्या होत्या. 1962 च्या 1098 सीसी आवृत्तीत स्ट्रोक 83.7 वर गेला. तीनच मुख्य बेअरिंगांवर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या धावेचे फिरण्यात रूपांतर करणाऱ्या दांड्याला) ही लांबी मानवली नाही आणि जास्त फेऱ्यांवर ते इंजिन खडबडीत चाले.

खरी उडी 1963 च्या कूपर एस या मिनीच्या वेगवान आवृत्तीत आहे, आणि माझ्या मते या इंजिनाच्या इतिहासातले सर्वांत धाडसी काम तेच. बोअर 70.6 करण्यासाठी कडेचे दोन सिलिंडर बाहेर सरकवले आणि मधले दोन एकमेकांजवळ आणले. सुरुवातीला क्षमता 1071 सीसी होती. पुढच्याच वर्षी स्ट्रोक 81.3 करून 1275 सीसी मिळाले.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चार सिलिंडरांना दोनच इनलेट पोर्ट (हवा-इंधनाचे मिश्रण आत येण्याच्या वाटा) का ठेवले असावेत, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद 3

कॅमशाफ्ट (झडपा हलवणारा दांडा) आणि मॅनिफोल्ड (पोर्टांना जोडलेल्या नळ्या) दोन्ही एकाच बाजूला असल्यामुळे पुशरॉडना, म्हणजे कॅमशाफ्टची हालचाल वर झडपांपर्यंत नेणाऱ्या काड्यांना, पोर्टांच्या मधूनच वाट काढावी लागते, म्हणून पोर्ट जितके कमी तितके हेड (सिलिंडरांवरचे झाकण) सुटसुटीत होते. मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याचा) पोर्टही त्यामुळेच सामाईक आहे. पण प्रज्वलनाचा क्रम 1-3-4-2 असल्याने तिसरा आणि चौथा सिलिंडर एकाच पोर्टातून लागोपाठ मिश्रण ओढतात, मग दुसरा आणि पहिला. परिणामी चौघांना सारखे मिश्रण मिळत नाही. कार्ब्युरेटरवर ही उणीव खपून गेली. फ्युएल इंजेक्शन आणताना मात्र तिने चांगलेच अडवले: 1996 नंतरच्या मिनीत चार सिलिंडरांसाठी प्रत्येक पोर्टाला एक असे दोनच इंजेक्टर होते, आणि ऑक्टोबर 2000 मध्ये लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची मिनी बाहेर पडली तीही याच रचनेवर.